ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

कॅनडाचा विद्यार्थी व्हिसा तिसऱ्या प्रयत्नात मंजूर होऊन पासपोर्ट परवा देवगडला घरी आला, तेव्हा ज्यांनी हे घडवून आणले त्यांचे जाहीर आभार मानणे मी माझे कर्तव्य समजतो.

दोनदा नकार मिळाला होता आणि कारणे मात्र छापील, मोघम होती. अधिकाऱ्याने फाइलवर केलेल्या नोंदी मागवता येतात, पण तिथल्या माहिती अधिकार कायद्याखाली तो अर्ज कॅनडाच्या नागरिकाला, कायम रहिवाशाला किंवा कॅनडात असलेल्या व्यक्तीलाच करता येतो. टोरांटोतील एका ताईंनी, ओळखदेख नसताना, माझे संमतीपत्र घेऊन आणि ५ डॉलरचे शुल्क स्वतः भरून त्या मागवल्या. बाबांच्या आंब्याच्या उत्पन्नाचा पुरावा अपुरा, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. मग आमचा आंबा विकणाऱ्या वाशीच्या दलालाकडील एका कारकुनाने तीन हंगामांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, जुन्या गठ्ठ्यांतून शोधून दिल्या. शाईने माखलेले, पेटीगणिक दर लिहिलेले ते कागद मी सातबाऱ्यासोबत भाषांतर करून जोडले.

सर्वांत मोठे ऋण मात्र त्या निवृत्त गुरुजींचे. दुसऱ्या अर्जात एजंटाने आधीचा नकार मला न विचारता लपवला होता. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर ५ वर्षांची बंदी येते, म्हणून मी घाबरलो होतो; गुरुजींनी शेजारी बसवून तिसऱ्या अर्जासोबतच्या पत्रात सारे खरे लिहायला लावले आणि ते पत्र चार वेळा तपासले.

आपण तिघेही हे वाचाल, अशी आशा आहे. जाण्यापूर्वी गुरुजींना भेटायला येतो आहे.