शालूस पत्र : पिंकीच्या रिपोर्टबद्दल

गडचिरोली
१२ ऑगस्ट

प्रिय शालू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीचा, पिंकीचा, सिकलसेल तपासणीचा रिपोर्ट बघितला. त्यावर ‘ए-एस पॅटर्न’ वाचून तू अन्नपाणी सोडलंस म्हणे. फोनवर तू रडत होतीस, मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच, भाऊजींनाही वाचायला दे.

आधी हे ऐक : पिंकीला सिकलसेल झालेला नाही, ती वाहक आहे. ‘ए’ म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, ‘एस’ म्हणजे सिकलसेलचं. आई आणि बाप दोघांकडून ‘एस’ आला तर माणूस एस-एस, म्हणजे रुग्ण. एकाकडून आला तर ए-एस. पिंकीने आजवर खो-खो खेळला, डिग्री केली, तशीच ती पुढेही राहील. वाहकांना सहसा काही त्रास होत नाही.

सगळा घोळ हिमोग्लोबिनचा आहे गं. हे प्रोटीन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं असतं. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. त्यातलं सहावं बदललं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आलं, की झाला ‘एस’. बाकीची १४५ जागच्या जागी! पण व्हॅलीनला पाणी आवडत नाही. ऑक्सिजन देऊन मोकळा झालेला असा रेणू शेजारच्या रेणूला चिकटतो, तो पुढच्याला, आणि पेशीत कडक धागे तयार होतात. एस-एस रुग्णाची गोल पेशी त्यांनी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, आणि हाडं फोडून काढणारी ती कळ. आमच्याकडे अशा पोरांना अजूनही कावीळ समजून आधी झाडपाल्याकडे नेतात. माझा जीव तिथे तुटतो.

आमच्या लॅबमधल्या तपासणीच्या पट्टीवर हे डोळ्यांनी दिसतं. रक्तपेशी फोडून काढलेला लाल द्राव पट्टीच्या एका बाजूला लावायचा आणि करंट सोडायचा. ‘ए’ धन टोकाकडे पुढे सरकतो. ‘एस’ मागे रेंगाळतो, कारण ग्लुटामिक आम्लासोबत त्याचा ऋण भार गेलेला असतो. पिंकीसारखीच्या पट्टीवर दोन लाल रेघा, एक पुढे, एक मागे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली कॅलिफोर्नियात हाच फरक टिपला आणि रोगाचं मूळ एका प्रोटीनच्या रेणूत असू शकतं हे दाखवलं. नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललं, ते केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ पर्यंत शोधलं. पट्टी हातात घेतली की मला अजूनही नवल वाटतं.

तुझ्या जाऊबाई प्रोटीन पावडर सुचवतायत, ती त्यांनाच पिऊ दे. खाल्लेल्या प्रोटीनचे पोटात तुकडे होतात, त्याने कुणाचं हिमोग्लोबिन बदलत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही पॅटर्न बदलत नाही. आणि ‘हा आदिवासींचा आजार, आमच्यात कसा?’ हेही सोड. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि ओबीसींतही आहे. मलेरियाच्या मुलखात वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तर हा ‘एस’ पिढ्यान् पिढ्या टिकला.

रुग्णांसाठी हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध आहे. बाळाच्या रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन ते पुन्हा वाढवतं, आणि त्यात धागे होत नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेने जीन-उपचारांनाही मान्यता दिली, पण त्यांची किंमत ऐकशील तर चक्कर येईल, कोट्यवधींत.

आता स्थळाचं. मुलगा ए-ए असेल तर त्यांचं एकही मूल एस-एस होणार नाही, फार तर वाहक होईल. मुलगाही ए-एस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका. तरी लग्न मोडायलाच हवं असं नाही. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते. मात्र निर्णय त्या दोघांनी, डोळे उघडे ठेवून घ्यावा. तू रिपोर्ट लपवायचं म्हणतेस, ते मला मुळीच पटलेलं नाही. पिंकीलाही पटणार नाही, बघ.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. मुलाकडचे ‘सोल्युबिलिटी निगेटिव्ह’चा कागद दाखवतील. त्या चाचणीत ‘एस’ असला की नळी तांदळाच्या धुवणासारखी गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. पण थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाचा वाहक तिच्यात सापडत नाही. तो दोष जर पिंकीच्या ‘एस’सोबत बाळात आला, तरी बाळ आजारी पडू शकतं. म्हणून एचपीएलसीच, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी करायला सांग, आणि एचबीए२ चा आकडा बघ. हिमोग्लोबिनचा हा प्रकार थॅलेसेमियाच्या वाहकात वाढलेला असतो. ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर तारीख ठरवायच्या आधी मला कळव. फोन सहानंतर कर, दिवसा नमुन्यांची रांग असते.

तुझी,
मंदा