सूचना : २४ मे, चार्ली टेलर यांची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या २४ मे रोजी चार्ली टेलर यांचा जन्मदिवस (१८६८). राइट बंधूंच्या विमानाचं इंजिन घडवणारे हे आपल्या, म्हणजे विमानांच्या देखभालीच्या, धंद्यातले मूळपुरुष. सायकल दुकानातला लेथ, ड्रिल आणि हातातली हत्यारं, एवढ्यावर सहा आठवड्यांत इंजिन उभं केलं. क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) तर पोलादाच्या जाड पाटीला ओळीने भोकं पाडून, छिन्नीने तोडून काढला आणि मग लेथवर उतरवला! डिसेंबर १९०३ मध्ये तेच इंजिन आकाशात गेलं.

उतारवयात पैसाही गेला, तब्येतही. १९५५ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात धर्मादाय वॉर्डात आढळले. विमानक्षेत्रातल्या लोकांनी पैसे जमवून त्यांना चांगल्या ठिकाणी हलवलं. ३० जानेवारी १९५६ रोजी, ८७ व्या वर्षी, दम्याच्या विकाराने ते गेले.

२४ मे रोजी सकाळची शिफ्ट सुरू होण्याआधी हँगरमध्ये दोन मिनिटं उभं राहायचं आहे. दमा, मधुमेह, संधिवात अंगावर घेऊन वर्षानुवर्षं विमानं सांभाळलेल्या आपल्या दिवंगत सहकाऱ्यांची नावंही तेव्हा वाचू. कुणाचं राहू नये, म्हणून २० मेपर्यंत नावं कळवा. घरच्यांना आधी जरूर विचारा.