‘व्यसन : नाही’ या नोंदीमागे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वंध्यत्व उपचार केंद्रांच्या जाहिराती आता तालुक्याच्या एसटी स्थानकावरही दिसतात. त्यांत टेस्ट ट्यूब बेबीच्या यशाची टक्केवारी असते, हप्त्यांची सोय असते. पण घरात कोणी सिगारेट किंवा विडी ओढत असेल तर ही टक्केवारी किती खाली येते, याबद्दल एक ओळही नसते. सांगली जिल्ह्यातील अशा एका केंद्रात मी अकरा वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आहे.

पहिल्या भेटीत केसपेपर भरताना व्यसनाचा प्रश्न विचारला जातो, तो बहुधा सासूबाईंच्या देखत. उत्तर ठरलेले असते आणि ‘व्यसन : नाही’ अशी नोंद होते. ती मीही शेकडो वेळा केली आहे. एकदा स्त्रीबीजे काढण्यासाठी पत्नीला आत घेतले होते, वीर्याच्या नमुन्यासाठी पतीला बोलवायचे होते, आणि ते समोरच्या टपरीवर सिगारेट ओढत उभे होते. पत्नीने दहा-बारा दिवस पोटावर इंजेक्शने टोचून घेतली होती, पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्या गृहस्थांना बेजबाबदार ठरवणे सोपे आहे. परंतु त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते, मीसुद्धा नाही.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीला इक्सी म्हणतात. ‘इक्सीमध्ये एकच शुक्राणू लागतो, मग संख्या कमी असली तर काय बिघडले?’ असे अनेक जण विचारतात. धुराने नुसती संख्याच घटत नाही, तर शुक्राणूच्या आतील डीएनए तुटतो, आणि सुईने तो बीजात सोडला म्हणून तुटलेला डीएनए जोडला जात नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून आज सिगारेट सोडली तर तिचा लाभ तीन महिन्यांनी दिसू लागतो. स्त्रीच्या बाबतीत हिशेब अधिक कठोर आहे. तिचा बीजसाठा जन्मतःच ठरलेला असतो, धुरामुळे तो लवकर संपतो, रजोनिवृत्ती एक ते चार वर्षे अलीकडे येते, आणि गेलेली बीजे परत येत नाहीत. इंजेक्शनांचा डोस वाढवूनही बीजे कमी मिळतात, गर्भ राहिला तरी गर्भपाताचा आणि नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना गर्भ राहण्यासाठी आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या, जवळजवळ दुप्पट सायकल (उपचाराच्या फेऱ्या) लागतात, असे अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या संस्थेने नमूद केले आहे. एका सायकलला दीड-दोन लाख मोजणाऱ्या शेतकरी कुटुंबासाठी ‘दुप्पट’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय जी स्वतः कधीच ओढत नाही, तिच्या शरीरातही पतीचा धूर जातोच.

आपल्याकडे प्रश्न कसा विचारला जातो, यावरही बरेच अवलंबून आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बाई मनापासून नाही म्हणते. ‘मिश्री लावता का?’ असे विचारले की म्हणते, ‘ती काय, दात घासायला.’ मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. इतक्या सायासाने राहिलेल्या गर्भासाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार उपचारांच्या यशाची शक्यता आणि धोके जोडप्याला समजावून सांगणे केंद्रांना बंधनकारक आहे. पतीपत्नी दोघांच्याही तंबाखूची चौकशी या समुपदेशनाचा अनिवार्य भाग व्हावी, अशी माझी राज्याच्या आरोग्य खात्याकडे विनंती आहे. ती दोघांना वेगवेगळे बसवून, नातेवाइकांना बाहेर ठेवून, सिगारेट, विडी, तंबाखू, मिश्री अशी नावे घेऊन करावी. ‘आधी व्यसन सोडा, मग या’ असे म्हणून कोणालाही परत पाठवू नये. अडतीस वर्षांच्या स्त्रीला वाट पाहणे परवडत नाही. परंतु प्राथमिक तपासण्यांत दीड-दोन महिने जातातच, त्याच काळात व्यसनमुक्तीचे उपचार सुरू करता येतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. तो वंध्यत्व केंद्रांच्या प्रतीक्षा कक्षात आणि केसपेपरवरही छापावा.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक, जि. सांगली