पुढे नवे, मागे रिमोल्ड

चि. संतोष,
अनेक आशीर्वाद.

दहाच्या दहा टायर बदलायचे म्हणतोस, आणि दुकानदाराने नायलॉनचा स्वस्त सेट दाखवलाय. घाई करू नकोस. तुझी गाडी लासलगावचा कांदा घेऊन कसारा उतरते आणि न्हावा-शेव्याला जाते. या रस्त्याला रेडियलच, म्हणजे आत पोलादी तारांचा टायर. नायलॉनची साइड दणकट, खाणीत किंवा उसाच्या फडात तोच बरा. पण हायवेला तो तापतो, लवकर घासतो, डिझेलही जास्त पितो. बिलाला किलोमीटरने भाग आणि मग ठरव.

पुढचे दोन मात्र नवे कोरे घे, सरळ पट्ट्यांच्या नक्षीचे. पावसाळ्यात घाटात तेच गाडी सांभाळतात. पुढे रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, कुणी फुकट दिला तरी लावायचा नाही. घेताना साइडवरचे शेवटचे चार आकडे वाच. 2324 असेल तर माल 2024 सालच्या 23व्या आठवड्यातला. गोदामात पडून राहिलेलाच बहुधा 'खास तुमच्यासाठी' सवलतीत निघतो.

मागे रिमोल्ड चालतं, केसिंग, म्हणजे जुन्या टायरचा मूळ सांगाडा, धड असेल तर. खरी बचत तिथेच आहे. कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षीपर्यंत चालतं, पण तू 3 वरच उतरव. त्याखाली खडा तारेपर्यंत घुसतो, पाणी शिरतं, तार गंजते. मग रिमोल्डवाला आत बॅटरी मारतो, बोटाने चाचपतो आणि न बोलता टायर भंगारात लोटतो. मागे शेजारी-शेजारी बसणाऱ्या जोडीतले दोन्ही सारख्या उंचीचे लाव, नाहीतर सगळं वजन उंच टायरवर येतं आणि दुसरा नुसता फरफटतो.

हवा सकाळी, टायर गार असताना, गेज लावून बघ. हातोडी वाजवून हवा ओळखणारे क्लीनर खूप भेटतील. उन्हात तापल्यावर हवा वाढलेली दिसते म्हणून काढायची नाही. टायर गार झाला की ती कमी भरते आणि कमी हवेचा टायर आणखी तापतो. घाट गियरवर उतर. ड्रम तापला की रिमजवळची कड जळते, आणि ते केसिंग कुणी घेत नाही.

पुढचे दोन या आठवड्यात घे. मागच्या आठांचं मी रविवारी येऊन बघतो. तोवर जुना एकही टायर एक्स्चेंजमध्ये देऊ नकोस.

तुझे,
अण्णा