ग्लव्ज कोणासाठी?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रुग्णालयातल्या संसर्गावरचा आपला कालचा लेख वाचला. नातेवाईकांनी गर्दी करू नये, खाटेवर बसू नये, घरचे डबे आणू नयेत. मान्य. आपण पेशंटला बघायला जातो की हळदीकुंकवाला, असं मलाही कधीकधी वाटतं. पण जंतू काय फक्त आमच्याच चपलांना चिकटून येतात?

गेल्या महिन्यात सौ.चं खुब्याचं ऑपरेशन झालं. रुग्णालयाचं नाव घेत नाही, अजून तिथेच दाखवायला जायचंय. सकाळी सिस्टर आल्या. शेजारच्या आजींची लघवीची पिशवी रिकामी केली आणि तसंच वळून सौ.च्या हातातली सलाईनची सुई चाचपू लागल्या. मी म्हटलं, "सिस्टर, हात?" तर म्हणाल्या, "ग्लव्ज पहने हैं ना, अंकल!" अहो, त्यानं तुमचा हात वाचला, आमच्या सौ.चं काय? भिंतीवर हात कसे धुवावेत याची सुंदर रंगीत चित्रं. खाली सॅनिटायझरची बाटली, दाबली की नुसतं फुस्स. मी घरची बाटली नेऊन ठेवली, ती दुसऱ्या दिवशी गायब. चौथ्या दिवशी सुईची जागा लाल होऊन सुजली. कारण हेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. सिस्टर बिचारी रात्री अख्ख्या वॉर्डाला एकटी, हेही बघितलंय. त्याबद्दल मात्र आपल्या लेखात एक ओळ नाही!

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाईस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. तेव्हाच्या बड्या डॉक्टरांना ते रुचलं नाही. आज सगळ्यांना रुचतं, फक्त बाटली भरायला कोणी नसतं.

आणि हे आपल्या इंदूरात! घरी ओला-सुका कचरा मिसळला तर गाडीवाला बादली परत हातात देतो. वॉर्डात जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत केळ्याच्या साली बघितल्या. (केळी आमचीच होती, कबूल. पण दुसरा डबा कुठे होता?)

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं बुधवारी का छापता? सोमवारी द्या. सौ. सध्या पडल्या पडल्या तेवढंच करते आणि तीन दिवस माझं डोकं खाते.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर