आई-बाबा, ते न बघता टाकायचे चार डॉलर नेमके कुठे जातात

प्रिय आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर हे सांगायला गेले की एकतर आवाज कट होतो नाहीतर मधेच आईच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, म्हणून यावेळी लिहूनच काढतेय, आणि लांबलचक होणार आहे हे आधीच सांगते. बाबांचा प्रश्न होता की तुझ्या त्या पोकरमध्ये पत्ते हातात यायच्या आधीच पैसे टाकायचे, तेही सक्तीने, मग त्यात हिशोब कसला डोंबलाचा? आणि आईने मागून विचारलं की ही जुगार कधीपासून खेळायला लागली. दोघांनाही उत्तर देते, पण बाबांचं आधी, कारण ते सोपं आहे.

आधी खेळ थोडक्यात. आपल्याकडे सातम-आठमला, जन्माष्टमीच्या सुमारास, समोरच्या काकांकडे तीनपत्ती चालायची ती आठवा (आई, तू आम्हाला ओट्यावरूनच परत बोलवायचीस ते माहितेय, पण आम्ही खिडकीतून बघायचो). तिथे दर डावाला प्रत्येकजण सारखा बूट टाकतो. सगळ्यांनी सारखाच टाकला म्हणजे त्या बुटाने कोणाचा फायदाही नाही आणि तोटाही नाही, नुसती मधे ढिगारी तयार होते ज्यासाठी भांडायचं. पोकरमध्ये सगळे टाकत नाहीत, पाळीपाळीने टाकतात. मी जाते त्या टेबलावर नऊ जण असतात, एकाने 1 डॉलर टाकायचा, त्याच्या शेजारच्याने 2, याला स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात, आणि त्याच्याही पुढच्याने 4, तो स्ट्रॅडल. एरवी स्ट्रॅडल ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतो, हौस असेल त्याने टाकावा, पण काही टेबलांवर तो सक्तीचा करून टाकतात म्हणजे पॉट (मधली ढिगारी) मोठे होतात आणि लोक झोपा काढत नाहीत. दर डावानंतर हे सगळं एक खुर्ची पुढे सरकतं, म्हणजे नऊ डावांत प्रत्येकाची पाळी एकदा येते.

तीनपत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याला निदान सवलत तरी असते, पत्ते बघितलेल्याने दुप्पट टाकायचे आणि न बघितलेल्याने निम्मे. स्ट्रॅडलवाल्याला असली काही सवलत नाही. त्याला मिळतं काय तर पहिल्या फेरीत सगळ्यात शेवटी बोलायचा मान, बाकी आठ जणांनी काय केलं ते बघून ठरवायचं. तेही फक्त पहिल्या फेरीपुरतं, मधे सगळ्यांसाठी सामाईक असे तीन पत्ते उघडले की तो परत सुरुवातीच्या लोकांत, दोन्ही ब्लाइंड त्याच्या आधी बोलतात आणि उरलेले सगळे त्याच्यानंतर. म्हणजे चार डॉलर देऊन एका फेरीची खिडकीची सीट घेतली.

आता बाबा, वही घ्या. काहीच खेळलं नाही, प्रत्येक हात टाकून दिला, तर नऊ डावांच्या एका पूर्ण फेरीत 1 अधिक 2 अधिक 4 म्हणजे 7 डॉलर गेले. स्ट्रॅडल नसता तर 3. तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे तीनच्या थोड्या वर फेऱ्या, म्हणजे नुसतं हाताची घडी घालून बसायचं भाडं तासाला 10 डॉलर होतं ते 23 झालं. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात स्ट्रॅडल म्हणजे पैसे जाळणं. पण 4 डॉलर टाकले म्हणजे 4 गेले असं नसतं ना, त्यातले थोडे परत येतात, आणि किती येतात तेवढाच खरा प्रश्न आहे. त्यालाच ईव्ही म्हणतात, सरासरीने त्या खुर्चीत बसायचं काय पडतं.

मी ते असं काढते. त्या खुर्चीत बसल्यावर चार गोष्टी होऊ शकतात. कधीतरी सगळे पत्ते टाकून देतात आणि मधले 3 डॉलर फुकटात माझे, हे शंभरात पाचदा धरते. कधी कोणी वाढवत नाही, नुसते 4 भरून आत येतात, तेव्हा मला अजून काही न भरता पुढचे पत्ते बघायला मिळतात, हे 35 वेळा धरू. उरलेल्या 60 वेळा कोणीतरी वाढवतं, त्यात 40 वेळा मी सोडून देते म्हणजे पूर्ण 4 गेले, आणि 20 वेळा भरते. हे आकडे मी आमच्या टेबलाकडे बघून अंदाजाने धरलेत, दुसऱ्या टेबलावर वेगळे येतील, पण पद्धत तीच.

आता प्रत्येकाची किंमत. पहिल्याची अधिक 3. दुसऱ्यात समजा दोघं आत आले आणि ब्लाइंडवाले गेले, पॉट 15 चा झाला, माझा हात कसलाही असू शकतो आणि त्यांनी थोडंफार बघून भरलेत, तर माझा वाटा 27 टक्के धरला. पण वाटा आहे म्हणजे तो हातात पडतो असं नाही, मधेच कोणी मोठी बोली लावली की बऱ्याचदा सोडावं लागतं, म्हणून त्यातले पाचात चारच धरते. 15 चे 27 टक्के आणि त्याचे ऐंशी टक्के, सव्वातीनच्या आसपास, म्हणजे 4 टाकून पाऊण डॉलरचा तोटा. सोडून दिलं की सरळ उणे 4. वाढवल्यावर भरलं तर सरासरी अडीच जातात असं धरते, म्हणजे सोडून देण्यापेक्षा दीड डॉलरने बरं. सगळं गुणून बेरीज केली की उणे 2.2 येतात. चारातले जवळपास पावणेदोन परत आले.

बाबा, ही रीत काही कॅसिनोवाल्यांनी काढलेली नाही बरं का, 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या खेळातले पैसे कसे वाटायचे यावर एकमेकांना पत्रं लिहिली तेव्हापासूनची आहे. पुढे काय काय होऊ शकतं ते सगळं मांडायचं, प्रत्येकाची शक्यता गुणायची आणि बेरीज करायची. तुम्ही बँकेत बुडीत कर्जाची तरतूद काढायचात तेव्हा हेच करत होतात की.

आता खरी गंमत. स्ट्रॅडल मर्जीचा असेल आणि मी एकटीच हौसेने टाकत असेन तर दर फेरीला 2.2 डॉलर मी बाकीच्यांना वाटतेय, सरळ मूर्खपणा. पण सक्तीचा असेल तर बाकीचे आठही जण आपापल्या पाळीला तेच देतायत आणि ते आमच्यात फिरतंय. समजा 2 वाल्या खुर्चीत 1.2 जातात आणि 1 वालीत 0.6, म्हणजे तीन खुर्च्यांत मिळून 4 गेले, आणि उरलेल्या सहा खुर्च्यांत प्रत्येकी साधारण 67 सेंट परत येतात. बेरीज शून्य. म्हणून सक्तीच्या स्ट्रॅडलने माझं नुकसान होतं का या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, ते बाकीच्यांच्या तुलनेत ठरतं. टेबलाची सरासरी उणे 2.2 असेल आणि माझी उणे 1.9, तर तासाला एक डॉलर मी कमावला, त्या खुर्चीत तोट्यात असूनही. आणि जो चांगल्या हाताची वाट बघत प्रत्येक वेळी टाकून देतो तो उणे 4 वर आहे, त्याचे तासाला सहा डॉलर गुपचूप बाकीच्यांना जातात आणि वर स्वतःला फार शिस्तीचा समजतो. असे आमच्याकडे बरेच आहेत, काळा चष्मा लावून बसतात.

याला कारण आहे. कोणी 12 केले तर मला अजून 8 भरायचे असतात आणि समोर 7 अधिक 12 म्हणजे 19 पडलेले असतात. 27 मधले 8, म्हणजे तीसला किंचित कमी टक्के वेळा जिंकलं तरी पुरतं. आणि पत्त्यांत एकतर्फी असं फार कमी असतं, ज्या सत्ती-दुर्रीला सगळे हसतात ती सुद्धा एक्का-राजासमोर शेवटपर्यंत पत्ते उघडले तर साधारण तीनात एकदा जिंकते. (म्हणून सत्ती-दुर्री खेळायची नाही, समोर जोडी निघाली तर वाट लागते आणि शेवटपर्यंत कोणी फुकट जाऊ देत नाही. पण दोन पत्त्यांचे वेगवेगळे 1326 हात येऊ शकतात त्यातले किती टाकायचे आणि किती ठेवायचे यात खूप पैसा दडलाय.)

एक डाव सांगते. मी स्ट्रॅडलवर, किलवरची नव्वी-छक्की. दोघांनी नुसते 4 भरले, माझ्या उजवीकडच्या दाढीवाल्याने सुस्कारा सोडत त्याच्या 2 चे 4 केले, मी टेबलावर दोन बोटं टकटक केली म्हणजे मला वाढवायचं नाही. पॉटमध्ये 17. मधे उघडलं नव्वी, छक्की, दुर्री. दाढीवाल्याने चेक केलं म्हणजे काही लावलं नाही, मी 12 लावले, एकाने एक्का-नव्वीवर शेवटपर्यंत भरलं आणि पॉट माझ्याकडे आला. घरी येताना वाटत होतं स्ट्रॅडल म्हणजे काय मस्त प्रकार आहे! आणि याच्याच उलट असंख्य वेळा 4 डॉलर टाकले, कोणी वाढवलं, सोडून दिलं, चहाचा घोट घेतला, त्यातलं एकही आठवत नाही. लक्षात राहिलेल्या डावांवरून ईव्ही काढायला गेलं की तो कधीच खरा येत नाही.

बरं मग लिहून ठेवायचं, बाबा म्हणतील. ठेवते की, एक्सेल आहे. पण त्यातून उत्तर निघायला किती वेळ लागेल तेही काढलं. एका स्ट्रॅडलच्या डावात निकाल इकडेतिकडे 30 डॉलरने हलतो असं धरा. सरासरी एका डॉलरच्या आत बऱ्यापैकी खात्रीने पकडायची तर चढउतार डावांच्या वर्गमुळाने घटतो म्हणून 30 चा एक डॉलर व्हायला 900 डाव, आणि दुप्पट खात्रीसाठी त्याच्या चौपट, 3600. पाच तास बसलं की स्ट्रॅडलची पाळी सोळा-सतरा वेळा येते. म्हणजे दोनशेवर संध्याकाळी, दर शुक्रवारी गेलं तर चार वर्षं. तोवर टेबलावरची माणसं बदललेली असतील. म्हणून वहीतल्या जमाखर्चापेक्षा वरची शक्यतांची मांडणीच बरी, आणि एक्सेल फक्त आपले अंदाज फार भरकटले नाहीत ना ते बघायला.

अजून एक, 200 डॉलर घेऊन बसलं की स्ट्रॅडलशिवाय ते मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट असतात आणि स्ट्रॅडल आला की फक्त पन्नासपट. खेळ तोच वाटतो पण खिसा निम्मा झालेला असतो, दोन मोठे डाव गेले की संपलं. सक्तीच्या टेबलावर लोक उडतात ते याने.

आता आईचं. आई, तुला वाटतं तसं मी रात्र रात्र बसत नाही. घरून 200 नेते, ते गेले की उठते, बँकेचं कार्ड गाडीतच ठेवते. इथे कॅलिफोर्नियात कार्डरूम, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या जागा, कायदेशीर आहेत. आपल्याकडे गुजरातेत नाही, हायकोर्टाने 2017 मध्येच पोकरला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला, आणि आता ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ सगळ्या देशात बंद झाले, त्यामुळे मी तिकडे आले की बदाम सात, फार तर मेंढीकोट.

आणि तुझी भीती चुकीची आहे असं मी म्हणतच नाहीये, फक्त ती स्ट्रॅडलकडे वळवू नकोस, ती फीकडे वळव. कार्डरूम दर डावाला पॉटमधून ठरलेली फी कापते. समजा 6 डॉलर. तीस डाव म्हणजे तासाला 180, नऊ जणांत वाटले तर माणशी 20. स्ट्रॅडलचे पैसे निदान टेबलावर फिरत राहतात, हे 20 टेबलावरून खाली उतरतात आणि परत येत नाहीत. मी ज्या एका डॉलरच्या कमाईवर एवढं रामायण लिहिलं ती याच्यापुढे काय आहे सांग! म्हणून टेबलावरचे बहुतेक सगळे हरतातच, चांगलं खेळणारेही. सक्तीच्या स्ट्रॅडलचा एवढाच उपकार की फी ठरलेली राहते आणि पॉट मोठा होतो, म्हणजे मिळालेल्या पैशातला तिचा वाटा कमी पडतो. मी याला करमणुकीचा खर्च धरते, नाटकाच्या तिकिटासारखा, आणि महिन्याच्या हिशोबात त्याच रकान्यात लिहिते.

गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते आईने अजून नीट सांगितलेलं नाही, "ठीक आहे" हे उत्तर मी धरत नाही, रिपोर्टचा फोटो पाठव. मावशी येणार आहे तिच्याबरोबर लिलो चिवडा पाठवलात तर दोन पाकिटं, एक ऑफिसात लगेच संपतं.

बाबा, तुम्हाला गृहपाठ. तेच टेबल, 1, 2 आणि माझे 4, पण यावेळी कोणीतरी 12 ऐवजी 16 केले आणि बाकी सगळे गेले. मला भरायचं असेल तर निदान किती टक्के वेळा जिंकायला हवं ते काढा, आणि शेवटपर्यंत जायच्या आधीच पाचातल्या एका वेळी मला पत्ते सोडावे लागणार असतील तर तो आकडा किती वर जाईल तेही. वहीत मांडून फोटो पाठवा, नुसतं उत्तर नको.

तुमची,
सोनू