अमेरिकेची राजभाषा: आदेश की कायदा?

महोदय,

अमेरिकेत इंग्रजी राजभाषा झाली, असे सरसकट लिहिले जाते. १ मार्च २०२५ रोजी निघाला तो अध्यक्षीय आदेश; पुढचा अध्यक्ष तो एका सहीने फिरवू शकतो. इंग्रजी कमी येणाऱ्यांना भाषा-साहाय्य देण्याचा अध्यक्ष क्लिंटन यांचा २००० सालचा आदेश असाच, या नव्या आदेशाने रद्द झाला. कायद्याला दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, तर चर्चा थांबवून विधेयक मताला टाकायलाच ६० मते लागतात. घोडे पेंड खाते ते इथेच.

शिवाय मतदान हक्क कायद्याचे कलम २०३ आदेशाने हलत नाही. ठरावीक भाषिक गटांतले, इंग्रजी जेमतेम येणारे मतदानवयाचे नागरिक काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) १० हजारांवर किंवा ५ टक्क्यांवर गेले आणि त्यांच्यातली निरक्षरता देशाच्या सरासरीहून जास्त असली, की मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. आदेशातही अन्य भाषांतील सेवा बंद करण्याची सक्ती नाही, निर्णय खातेप्रमुखांचा.

– एक वाचक